जैनीची प्रत

मेलेल्या माणसाला जिवंत माणसांच्या शेजारी उभं करणं हा माझा धंदा होता. यात जादूटोणा काही नाही. उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात लच्छूशेठचा फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथे रिटचिंग करायचो. लग्नाच्या फोटोत नवरीचा बाप हवा, पण बाप तीन वर्षांपूर्वी गेलेला. मग त्याचा जुना पासपोर्ट फोटो यायचा आणि मी त्याला कोट चढवून नवरीच्या मागे उभा करायचो. सिंधी गिऱ्हाइकं तर फाळणीत मागे राहिलेल्या आजोबांनाही घेऊन यायची. लच्छूशेठ म्हणायचा, "साईं, सुदाम के हाथ में भगवान बैठा है." पगारवाढीचा विषय निघाला की तो भगवान उठून जायचा.

हरिचंद्रला माझ्या या कामाचा मनापासून तिटकारा होता आणि ते तो तोंडावर सांगायचा. "काय खोट्याच्या कारागिरा, आज कुणाला उठवलंस?" असं म्हणतच दुकानात शिरायचा. मी म्हणायचो, "माझी माणसं निदान मेल्यावर उठतात. तुझी तर फोटो काढल्यावर झोपतात." पुढे हे असं खरं होईल हे ठाऊक असतं तर मी जीभ चावली असती.

आम्ही दोघं अंबरनाथच्या आयटीआयला एका बाकावर होतो. मी बदलापूर गावातला, कुणब्याचा. तो अंबरनाथचा, बौद्ध वस्तीतला. केमिकल कंपनीत फिटर म्हणून लागला, संपात सगळ्यांच्या पुढे राहिला आणि संप मोडल्यावर सगळ्यांच्या आधी बाहेर पडला. संपकऱ्यांचे फोटो काढायला म्हणून त्याने एक जुना कॅमेरा गळ्यात घातला होता, तो उतरलाच नाही. पूर्वेकडच्या जंगलात तेव्हा पोलिसांची आणि बंदूकवाल्या दलांची मारामारी पेटली होती. सरकार तिला कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणत होतं. हरिचंद्र म्हणायचा, "युद्ध आहे ते, सुदाम्या. दोन्ही बाजूंनी गरीबच मरतात म्हणून कुणी तसं म्हणत नाही." वर्षातून तीन-चार वेळा तो तिकडे जायचा, महिना-महिना राहायचा आणि परत आला की घरी जायच्या आधी रोल माझ्या टेबलावर ठेवायचा. शेठ दुपारी जेवायला गेला की मी ते धुवायचो. शेठला माहीत होतं. तो मुद्दाम सावकाश जेवायचा.

हरिचंद्रचा एक नेम होता. ज्याचा फोटो काढला त्याला एक प्रत द्यायचीच. पुढच्या खेपेला जाताना पिशवीत कपडे कमी आणि फोटो जास्त. यामागे त्याची आई होती, जनाबाई. संपाच्या वेळी मुंबईच्या कुणा फोटोवाल्याने तिचा फोटो काढला होता, पोलिसांच्या गाडीपुढे पदर खोचून उभी. तो म्हणे मोठ्या प्रदर्शनात लागला. वर्षभरात जनाबाई गेली आणि जलदानविधीला बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींपाशी ठेवायला घरात तिचा एक फोटो नव्हता. हरिचंद्रने मुंबईला चार पत्रं टाकली. उत्तर नाही. तेव्हापासून हा नेम.

आणि प्रतीच्या मागे पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, तारीख. हे मी लिहायचो, कारण माझं अक्षर चांगलं. एकदा कंटाळून मी म्हटलं, "अरे, त्यांना वाचता येतं का? कशाला एवढं?" तर तो म्हणाला, "आपल्या माणसांची नावं आजवर पोलिसांच्या रजिस्टरातच लिहिली गेली. एकदा तरी दुसरीकडे कुठे येऊ देत." मी काळ्या शाईने, घोटून घोटून लिहिलं. आम्ही हे मोठ्या अभिमानाने करत होतो.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात त्याने जो रोल आणला त्यात जैनीचा फोटो होता. मोहटोला नावाची बारा घरांची वस्ती. दलातली माणसं दुपारची तिथे थांबली होती आणि जैनी आपल्या झोपडीपुढे त्यांना आंबील वाढत होती. एक जण प्यायला वाकला, आणि वाकताना हातातली बंदूक त्याने शेजारी उभ्या असलेल्या जैनीच्या मुलाकडे दिली. लालसू त्याचं नाव, वय एकोणीस. एका घोटापुरती बंदूक त्याच्या हातात होती आणि तेवढ्यात हरिचंद्रने बटण दाबलं. डाव्या कडेला जैनीचं लुगडं धरून तिची चार वर्षांची सोमारी उभी होती. फोटो म्हणून विचाराल तर लाखात एक. मीसुद्धा एन्लार्जरखाली तो बघताना शिट्टी मारली. पुण्याच्या एका पाक्षिकाने तो छापला आणि हरिचंद्रचं नाव थोडंफार झालं.

दिवाळीनंतर तो प्रती घेऊन मोहटोल्याला गेला, तेव्हा सोमारी नव्हती. श्रावणात हिवतापाने गेली होती. जैनीच्या हातात त्याने फोटो ठेवला. मग तिने तो लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आढ्याला खोचला. हे सगळं हरिचंद्रने मला सांगितलं. म्हणाला, "बघ, याच्यासाठी करतो मी हे." मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

जानेवारीत धोंडिबा गुरुजींचं पत्र आलं. हे गुरुजी आपल्या देशावरचे, मोहटोल्याच्या एकशिक्षकी शाळेवर नेमलेले. हरिचंद्रचा दुभाषा म्हणजे तेच. पत्रात लिहिलं होतं की पोलिसांनी वस्तीची झडती घेतली. सैनू नावाच्या माणसाच्या घरात फोटो सापडला. सैनू दलाच्या दोन माणसांशेजारी बसून तंबाखू मळतोय असा. फोटोच्या मागे नाव, बापाचं नाव, गाव, तारीख. पोलिसांना काही विचारावंच लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सैनू चकमकीत ठार झाल्याचं जाहीर झालं. बाकीच्या घरांची झडती अर्धवट राहिलीय, ते पुन्हा येणार आहेत.

मी ते पत्र दोनदा वाचलं. सैनूचं नाव लिहिताना शाई फुटली होती म्हणून मी ती प्रत टाकून दुसरी लिहिली होती, हे मला लख्ख आठवलं.

हरिचंद्र त्याच दिवशी निघाला. दिलेल्या प्रती परत घ्यायच्या आणि जाळायच्या. दोन दिवसांचा रेल्वे-एसटीचा प्रवास, पुढे पायी. बारा दिवसांनी परत आला तो ओळखू येत नव्हता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. म्हणाला, "लोकांनी दिले रे. एक म्हातारा तर मला पाणी देऊन मग फोटो द्यायला आत गेला. सैनूच्या बायकोने फक्त विचारलं, तुला माहीत नव्हतं का? गुरुजींनी ते मला सांगितलं, आणि मी गुरुजींना उत्तर सांगू शकलो नाही."

"सगळे मिळाले?"

त्याने झोळीतून एक फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला. जैनीचा. "ही जाळू देत नव्हती. हिच्या पोरीचं तोंड दुसरीकडे कुठेच नाही. शेवटी म्हणाली, घेऊन जा, त्यातली बंदूक काढ आणि आणून दे. पोर राहू दे."

मी फोटो उजेडात धरला. लालसूच्या हातातली बंदूक तिरपी होती, तिची काठी करणं अगदी सोपं. वाकलेल्या माणसाच्या कमरेचा पट्टा भरून टाकायचा, टोपीचं पागोटं करायचं. मग त्या रंगवलेल्या प्रतीचा फोटो काढून नवी प्रत छापायची, म्हणजे हात फिरवला तरी रंग बोटाला लागणार नाही. चार तासांचं काम. लालसू वाचला असता. एवढंच होतं त्यात, लालसूचा जीव. पोलिस आता घरोघर फोटो मागणार होते; त्या घरात बिनबंदुकीचाच फोटो आहे, हे त्यांना दिसलं असतं, किंवा जैनीने दाखवलं असतं. ती प्रत मिळेपर्यंत ती पोराला जंगलात कामालाही पाठवणार नव्हती, दळण-कांडण करून घरात कोंडून ठेवणार होती. गुरुजींना तिने तसं सांगितलं होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय?"

"करू का?"

तो म्हणाला, "एका फोटोत खोटं केलं की माझे सगळे फोटो खोटे होतात, सुदाम. सैनू दलाचा नव्हता, गावकरी होता, हे कोर्टात सांगायला माझ्याकडे फोटोंशिवाय काय आहे? सरकारी वकील म्हणेल, हा माणूस बंदुकीची काठी करतो, मग गावकऱ्याचा दलवाला किंवा दलवाल्याचा गावकरी कशावरून नाही करत?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण मला राग आला. पंधरा वर्षं हा मला खोट्याचा कारागीर म्हणतोय, आणि आज त्या खोट्यासाठीच माझ्या दारात उभा आहे, तरी याच्या तोंडून 'कर' निघत नाही. मी म्हटलं, "हे बघ, तू महात्मा आहेस, मी बाजारातला माणूस. मला गिऱ्हाइकाने सांगितल्याशिवाय मी ब्रश उचलत नाही. तू 'कर' म्हण, मी करतो."

"विचार करू दे," तो म्हणाला आणि फोटो तिथेच ठेवून गेला.

एक दिवस गेला. दुसरा गेला. फोटो माझ्या खणात होता. मी दोन लग्नं आणि एक मुंज संपवली, कुणाच्या तरी आत्याच्या कपाळावरचा व्रण काढला. मी त्याला न विचारता ते काम करू शकलो असतो, कुणी अडवलं होतं? शेठसुद्धा एकदा खण उघडून म्हणाला, "अड़े, ये कर दे ना, क्या रखा है?" पण नाही. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो घरी रुसून बसला होता तत्त्वासाठी, आणि मी दुकानात रुसून बसलो होतो मानासाठी. तिकडे एक बाई आपल्या तरण्याताठ्या पोराला झोपडीत कोंडून बसली होती.

चौथ्या दिवशी विठा आली. हरिचंद्रची बायको, काडेपेटीच्या कारखान्यात कामाला. पाळी संपवून तशीच आलेली, बोटांना गुलाचा वास. हरिचंद्रला दंडाला धरून आणलं होतं.

"सुदामभावजी," ती म्हणाली, "मला एक सांगा. तुमी दोघं कोणाच्या पोराचा जीव मुठीत धरून रुसून बसलात? तुमच्या की यांच्या? आपली पोरं तर घरी जेवतायत."

मी खणातून फोटो काढून टेबलावर ठेवला.

हरिचंद्र भिंतीकडे बघत म्हणाला, "कर."

एवढाच शब्द. चार दिवस मी त्याची वाट बघितली होती आणि ऐकल्यावर मला काहीच वाटलं नाही. मी लगेच बसलो. बंदुकीची नळी, घोडा, दस्ता, एकेक करून बुजवत गेलो. काठीला गाठी काढल्या, सालीचा खरखरीतपणा आणला. लालसूची बोटं घोड्यावर होती, ती वळवून काठीभोवती गुंडाळली. डोळ्याला भिंग लावून मी चार तास त्या बंदुकीच्या जागेवरून नजर हलवली नाही. आयुष्यात मी इतकं चांगलं काम केलं नसेल. नव्या प्रतीच्या मागे काही लिहिलं नाही. जुनी प्रत हरिचंद्रने स्वतः स्टोव्हवर धरली आणि तो त्याच दिवशी निघाला.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुकानात एक साध्या कपड्यातला माणूस आला. पासपोर्ट फोटोला बसला, केस विंचरले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, हरिचंद्र म्हणून कुणी इथे रोल धुवायला देतो का? लच्छूशेठने हात जोडले, "साहब, इधर तो शादी-ब्याह का काम है." माणूस हसला. फोटो न्यायला उद्या येतो म्हणाला. तो वळल्याबरोबर शेठ माझ्याजवळ आला. "सुदाम, मैं एक बार सब छोड़ के आया हूँ सिंध से. दूसरी बार नहीं होगा मेरे से. जला दे."

मी जाळलं. दुकानामागच्या बोळात, तेलाच्या रिकाम्या डब्यात. निगेटिव्ह नीट जळत नाहीत, वितळतात, आकसतात, आणि घाण वास येतो. पाच वर्षांचे रोल. जैनीच्या फोटोची मूळ निगेटिव्ह गेली आणि काठीवालीही गेली. कामाच्या सगळ्या प्रती गेल्या. सैनू गावकरी होता याचा पुरावाही त्यातच गेला. मी थांबून एकही वेगळी काढली नाही. घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

पासपोर्ट फोटो न्यायला कुणी आलं नाही.

हरिचंद्र परतला तेव्हा मी ही बातमी कशी सांगू याची तयारी करत होतो. तो बाकावर बसला आणि त्याने आधी आपली सांगितली. तो पोचायच्या दोन दिवस आधी लालसूला उचललं होतं. पोलिसांकडे पाक्षिकाचा तो अंक होता, त्यातला चेहरा बघून नेलं. पुण्याचा अंक तिथवर पोचेल हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. दोन दिवस. मी मनात चारातून दोन वजा केले आणि दुकानातला पंखा बघत राहिलो.

"तिला फोटो दिला," हरिचंद्र म्हणाला. "तिने बघितला. खूश झाली रे ती. गुरुजींना म्हणाली, बंदूक गेली, आता सोडतील. मी पाया पडलो तिच्या, नको जाऊ म्हणून. गुरुजींनी हात धरला. ऐकेना. सात कोस चालत पोलिसांच्या कॅम्पवर गेली फोटो घेऊन."

"मग?"

"साहेबाने दोन्ही फोटो शेजारी ठेवले. छापलेला आणि तुझा. म्हणाला, हिने फोटोतली बंदूक काढवून घेतली, म्हणजे बंदूक होती हे हिला ठाऊक होतं. फोटो फाइलीला लावला आणि तिला हाकलून दिलं."

आठवड्याने लालसूही चकमकीत ठार झाला. पेपरात चार ओळी आल्या.

मी निगेटिव्ह जाळल्याचं हरिचंद्रला सांगितलं. त्याने शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघितली. तो म्हणाला, "बरं केलंस," आणि ते ऐकून मला ढसाढसा रडू आलं. पंचेचाळिशीला आलेला माणूस मी, गिऱ्हाइकांसमोर रडलो. त्यानंतर त्याने कॅमेरा हातात घेतला नाही. एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला.

पावसाळा संपता संपता गुरुजींचं शेवटचं पत्र आलं. त्यांची बदली झाली होती, निघायच्या आधी जैनीचा निरोप पोचवत होते. एकच ओळ होती. फोटोची अजून एक प्रत पाठव म्हणते, आता बंदुकीसकट चालेल, घरातून न्यायला कुणी उरलं नाही.

आम्ही पाक्षिकाच्या कचेरीत विचारलं. त्यांना दिलेली प्रत छपाईचा ब्लॉक करणाऱ्याकडे गेली होती, ती परत आलीच नव्हती. एक जुना अंक तेवढा त्यांनी दिला. रविवारी सकाळी हरिचंद्रच्या घरी, विठाने चहा ठेवला असताना, आम्ही तो उघडला. मी तो फोटो छापलेला असा नीट कधी बघितलाच नव्हता. पान उभं होतं, फोटो आडवा. बसवण्यासाठी संपादकाने डावी बाजू कापली होती. बंदूक पूर्ण होती, लालसू पूर्ण होता, जैनी अर्धी होती. सोमारीची फक्त लुगडं धरलेली मूठ राहिली होती.

विठा चहाचे कप घेऊन आली, तिनेही बघितलं आणि कप तसेच धरून उभी राहिली.

"काढून दे तिला," हरिचंद्र म्हणाला. "तू काढू शकतोस. कुणाकुणाला उठवलंस तू. हिला काढ, सुदाम. मी कर म्हणतोय."

मी कागद घेतला, पेन्सिल घेतली. पेन्सिल टेकवली आणि थांबलो. तो फोटो मी स्वतः धुतला होता, छापला होता, चार तास भिंगाखाली धरला होता. बंदुकीच्या दस्त्यावरचा ओरखडासुद्धा मला आजही काढून दाखवता येईल. पोरीकडे मी एकदाही बघितलं नव्हतं.

"नाक कसं होतं तिचं?" मी विचारलं. "तू तर समोर उभा होतास."

हरिचंद्रने डोळे मिटले. त्याला तेव्हा काय दिसत होतं हे मला न सांगता कळत होतं, कारण मलाही तेच दिसत होतं.

"केस बारीक कापलेले होते," तो म्हणाला. मी पेन्सिल टेकवली.

"थांब," तो म्हणाला. "ते दुसऱ्या घरातलं पोर."